घामाचा हिशेब आधी, बाटली नंतर

पत्र: माझी मुलगी १३ वर्षांची आहे, वजन ३८ किलोच्या आसपास. १५०० आणि ३००० मीटर पळते. कविता राऊतसारखं पळायचंय, हे तिचं पालुपद. परीक्षा संपली आणि दुसऱ्याच दिवसापासून उन्हाळी शिबिर सुरू झालं. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच ते सात असा सराव असतो. चौथ्या दिवशी सकाळी सराव संपता संपता तिला गरगरलं, घरी आल्यावर उलटी झाली, दुपारभर डोकं दुखत होतं. तेव्हापासून रोज मेडिकलमधून ‘ओआरएस’ लिहिलेला संत्र्याच्या चवीचा टेट्रापॅक आणते. शिवाय पावडरचं मोठं पाकीट तिच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालून देते. तरी मळमळतं. सर म्हणतात, पळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, मध्ये फक्त चूळ भरा. तिच्या टी-शर्टवर पांढरे डाग पडतात. मोठा मुलगा १६ वर्षांचा, तालमीत जातो. स्पर्धेआधी वजनात बसायला दोन दिवस पाणी तोडतो आणि वजन झालं की लिटरभर कोल्ड्रिंक रिचवतो. त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात. दोघांना काय द्यावं, किती आणि केव्हा?
– एक आई, पंचवटी, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रातले दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत: ‘चौथ्या दिवशी’. परीक्षेचे दोन-तीन आठवडे मुलगी पंख्याखाली बसून होती आणि तिथून थेट दोन वेळचा उन्हातला सराव सुरू झाला. उन्हाला सरावायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. त्या दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून जाणारं मीठ कमी होत जातं. पहिल्या आठवड्यात हे बदल जेमतेम सुरू झालेले असतात, पुरे झालेले नसतात, आणि मुलं आडवी होतात ती बहुतेक याच आठवड्यात. टी-शर्टवरचे पांढरे डाग म्हणजे घाम वाळून मागे राहिलेलं मीठ. काही मुलांच्या घामात ते मुळातच जास्त असतं, पण सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यांचंच जास्त जातं. दोन आठवड्यांनी डाग फिके झाले, तर शरीर उन्हाला रुळलं असं समजा.

म्हणून पहिलं काम बाटलीचं नाही, वेळापत्रकाचं आहे. पुढचे सात-आठ दिवस तिला एकच वेळ सराव करू द्या, तोही सकाळचा. शक्य असेल तर पावणेसहाला सुरू करून सव्वासातला संपवावा. संध्याकाळी साडेपाचला ऊन उतरलेलं दिसतं, पण दिवसभर तापलेलं मैदान तेव्हाही खालून वाफा टाकत असतं. आठवड्यानंतर संध्याकाळचा अर्धा सराव आणि पुढच्या आठवड्यात पूर्ण सराव, असं चढत जा. सरांना हे सांगायला संकोच वाटत असेल, तर ‘१४ दिवसांत चढत जाऊ’ एवढंच म्हणा. चांगला प्रशिक्षक ते लगेच समजून घेतो.

आता त्या मळमळीचं. ओआरएसचं मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यासाठी असतं. तुम्ही ते अर्ध्या लिटरमध्ये घालता, म्हणजे पाणी दुप्पट खारट आणि दुप्पट दाट होतं. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र असं आहे: एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. ही मापं उगीच ठरलेली नाहीत. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. हे द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ असेल, तर पाणी आतड्यातून रक्तात जातं. दाट झालं, की उलटं होतं: आतडंच शरीरातलं पाणी ओढून घेतं, पोट डबडबतं, मळमळतं आणि कधी जुलाबही होतात. जादा मीठ रक्तात चढण्याचा धोका तो वेगळाच. तुमचा हेतू चांगला होता, फक्त माप चुकलं. आणि ही चूक कितीतरी घरांत होते, कारण पाकीट लिटरचं आणि मुलांच्या बाटल्या अर्ध्या-पाऊण लिटरच्या. एकतर लिटरभर पाणी मोजून एका भांड्यात सगळं पाकीट विरघळवा आणि त्यातलं बाटलीत भरा, नाहीतर २०० मिलीसाठीचं लहान पाकीट आणा. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. अंदाजानं अर्धं पाकीट वापरू नका, पावडरीत मीठ आणि ग्लुकोज सारखे मिसळलेले असतीलच असं नाही.

टेट्रापॅक मात्र बंदच करा. अशा पेयांत साखर भरमसाट आणि मीठ नावापुरतं असतं. मागचं लेबल वाचायची सवय लावा. खऱ्या ओआरएसमध्ये दर १०० मिलीला ग्लुकोज जेमतेम १.३५ ग्रॅम असतं. पॅकवर साखरेचा आकडा ८-१० ग्रॅम दिसला, तर ते सरबत आहे, औषध नव्हे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाच्या गैरवापराविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ठरवून दिलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द मागे-पुढे काहीही जोडून चालणार नाही. जुना माल कुठे दिसला तर हेच लक्षात ठेवा.

आणि खरं ओआरएससुद्धा रोजच्या सरावाचं पेय नाही. ते जुलाब-उलट्यांसाठी बनलंय. एका दिवसात तीन-तीन शर्यती असतील, घाम खूप गेला असेल आणि जेवण पोटात राहत नसेल, तेव्हा त्याचा उपयोग. रोज लागतं ते पाणी, थोडं मीठ, थोडी साखर आणि वेळेवरचं जेवण. त्यातलं किती, हे तुमच्या मुलीचा घाम सांगेल. शेजारच्या मुलीला जेवढं लागतं तेवढंच तिला लागेल असं नाही.

तो मोजायला घरचा डिजिटल वजनकाटा पुरतो, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. काटा रोज एकाच फरशीवर ठेवा, गादीवर किंवा पायपुसण्यावर नको. सरावाला निघताना लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्यायचं. बाटलीही भरल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा; एक ग्रॅम म्हणजे एक मिली. परत आल्यावर ओले कपडे काढून, अंग-केस टॉवेलनं पुसून पुन्हा वजन. घामानं भिजलेला टी-शर्ट अंगावर असेल तर आकडा खोटा येतो. समजा आधी ३८.२ किलो होतं, नंतर ३७.५ भरलं, आणि बाटलीतलं २०० मिली संपलं. वजन ७०० ग्रॅम घटलं, त्यात प्यायलेले २०० मिळवले, म्हणजे दीड तासात ९०० मिली घाम गेला. तासाला ६००. शरीराच्या वजनाच्या पावणेदोन टक्क्यांवर तूट गेली. दोन टक्क्यांच्या आसपास गेलं, की हृदयाचे ठोके वाढतात, तोच वेग जास्त कष्टाचा वाटतो आणि शरीर थंड राहायला झगडतं. ‘शेवटच्या फेरीत पायच उचलत नाहीत’ असं मुलं सांगतात ते बरेचदा इथूनच येतं.

हे वजन तिचं तिला घेऊ द्या, दार लावून. आकडा फक्त आधी-नंतरच्या फरकासाठी वापरायचा आणि जेवणाच्या ताटावर त्याची चर्चा करायची नाही. १३ वर्षांच्या मुलीच्या मनात वजनाची भीती बसली, तर ती पाण्याबरोबर जेवणही कमी करेल. आठवड्यातून दोनदा मोजलं तरी पुरे. हवा बदलली की पुन्हा मोजा. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम अंगावरच सुकतो, त्यामुळे ‘मला घामच येत नाही’ असं वाटतं. काटा खरं काय ते दाखवतो. जून-जुलैत दमट हवेत घाम सुकत नाही, निथळतो, आणि अंग थंडही होत नाही.

आता तिचं गणित मांडू. तासाला ६०० मिली घाम आहे, तर दीड तासाच्या सरावात २०, ४०, ६० आणि ८० व्या मिनिटाला प्रत्येकी १५० मिली पाणी. एकूण ६०० मिली. तूट ३०० ग्रॅमवर येते, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. सगळाच घाम सरावातच भरून काढायची गरज नसते. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिली, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. तुमच्या मुलीचं वजन पाहता तिला हेच माप लागू होतं. १५० मिली म्हणजे किती घोट? एकदा घरी मोजून बघा. बाटली काट्यावर ठेवा, तिला नेहमीसारखे सहा घोट घेऊ द्या, पुन्हा ठेवा. बहुतेक मुलांचं ते माप सहा-सात घोटांत बसतं. मग मैदानावर मिली मोजायला नको, घोट मोजले की झालं.

सरांचं म्हणणं निराधार नाही, पण अर्धंच खरं आहे. तासभर तहान दाबून ठेवली आणि मग घटाघटा अर्धा लिटर ढोसलं, तर पोट डचमळतं आणि पळताना कळ येते. फार गोड पेय प्यायलं तरी हेच होतं. त्यावर उपाय चूळ भरणं नव्हे, थोडं थोडं पिणं. पोटालाही सराव लागतो; पहिले तीन-चार दिवस ७०-८० मिलीनं सुरुवात करा आणि वाढवत न्या. सरांना विनंती अशी करा: दर २० मिनिटांनी एक मिनिटाची पाण्याची सुट्टी सगळ्यांना एकदम द्यावी. एकट्या मुलीला मागावं लागलं तर ती मागत नाही, ‘नाजूक’ म्हणवून घ्यायला कोणालाच आवडत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, आणि ते आईनंच विचारायला हवं. मैदानावर स्वच्छ स्वच्छतागृह नसेल, तर मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत. घरून निघतानाच कोरड्या निघतात आणि परत येईपर्यंत रोखून धरतात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी, चक्कर हे सगळं मागोमाग येतं. तुमच्या लेकीला थेट विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर शिबिराच्या आयोजकांशी चार-पाच आयांनी मिळून बोला. किल्ली कोणाकडे, पाणी आहे का, कडी लागते का, एवढ्या तीन गोष्टी मागा. कुठल्याही पेयापेक्षा याचा फरक जास्त पडेल.

पिण्याची सुरुवात मैदानावर होत नाही. बरीच मुलं सरावाला येतानाच कोरडी असतात, रात्रभर पाणी नाही आणि पहाटे अर्धा कप चहा. उठल्या उठल्या २०० ते २५० मिली पाणी, बरोबर एक केळं किंवा मूठभर भिजवलेले मनुके. आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. मैदानावर पोहोचल्यावर सहा-सात घोट. पहिल्या दोन सुट्ट्यांना साधं पाणी, पुढच्या दोन सुट्ट्यांना घरचं लिंबाचं पाणी. तासाभराच्या आतला हलका सराव असेल, तर साधं पाणीच पुरतं, त्यात काही घालायची गरज नाही.

लिंबाच्या पाण्याचं माप असं. एक लिटर उकळून गार केलेलं किंवा गाळणीयंत्राचं पाणी, ५० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ, दोन लिंबांचा रस. घरातले चमचे सारखे नसतात, म्हणून खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं ५ मिलीचं झाकण धुऊन वापरा. त्या मापानं साखर १२ झाकणं सपाट आणि मीठ पाव झाकण. मीठ शिगेला भरलं की प्रमाण लगेच बिघडतं. चव हलकी गोड आणि जेमतेम खारट लागायला हवी. खारटपणा जाणवला तर मीठ जास्त झालंय. यात साखर सुमारे ५ टक्के होते, पोटाला झेपते आणि पळायला थोडी ताकदही देते. १० टक्क्यांच्या पुढे गेलं की पोटात साचून राहतं. म्हणूनच फळांचा रस किंवा कोल्ड्रिंक सरावाच्या मध्ये नको. सैंधव घातलं तरी चालेल, तेही शेवटी मीठच. डॉक्टरांनी आजोबांना दिलेलं कमी सोडियमचं मीठ मात्र यात वापरू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं आणि घामातून मुख्यतः सोडियम जातं.

हे पाणी तांब्याच्या बाटलीत कधीही भरू नका. हल्ली घरोघरी तांब्याची बाटली असते आणि मुलांच्या दप्तरात तीच जाते. साधं पाणी ठीक आहे. लिंबू, कोकम, ताक यांच्या आंबटपणानं तांबं विरघळून पेयात उतरतं आणि त्यानंही मळमळ-उलटी होते. स्टीलची बाटली घ्या, रुंद तोंडाची. आत ब्रश फिरायला हवा. नळीच्या, दाबाच्या झाकणाच्या बाटल्यांत रबरी कडेखाली काळी बुरशी बसते. झाकण रोज उघडून, घासून, उन्हात वाळवा. उरलेलं लिंबूपाणी दुपारपर्यंत दप्तरात राहिलं तर फेकून द्या. मैदानावरच्या एकाच मगातून वीस जणांनी पिणं बंद करायला लावा, कावीळ आणि टायफॉइड असेच पसरतात. बाहेरच्या रसवंतीचा रस, बर्फ घातलेलं सरबत शिबिराच्या दिवसांत टाळाच. रस घरी, बर्फाविना, जेवणाच्या वेळी एक ग्लास चालेल. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. खूप घाम गेल्यावर नुसत्या शहाळ्यावर भागत नाही, बरोबर काहीतरी खारट खायला हवं.

सराव संपल्यावर जेवढी तूट राहिली तिच्या दीडपट पाणी दोन तासांत थोडं थोडं करून द्यायचं, कारण त्यातलं काही लघवीवाटे निघून जातं. तुमच्या उदाहरणात तूट ३०० ग्रॅम होती, म्हणजे ४५० मिली. ते नाश्त्याबरोबर द्या. मीठ पोटात असलं की पाणी शरीरात टिकतं, नुसतं पाणी ढकललं की बाहेर पडतं. पोहे, उपमा, थालीपीठ-दही, भाकरी-पिठलं, एखाद्या रविवारी मिसळ, आणि वर चिमूटभर मीठ-जिरं घातलेलं ताक. एवढ्यात ९०० मिली घामाचं मीठ परत येतं. घरात कोणाच्या रक्तदाबामुळे सगळा स्वयंपाक अळणी होत असेल, तर तिच्या वाटीत वरून मीठ घाला. मिठाच्या गोळ्या मात्र देऊ नका, पोटात जळजळ होते आणि माप हाताबाहेर जातं.

दुपारी चार वाजता लघवीचा रंग पाहायला सांगा. लिंबाच्या पाण्यासारखा फिका पिवळा असेल तर संध्याकाळच्या सरावाला तयार. मोहरीच्या तेलासारखा गडद असेल तर त्या दिवशी सराव नाही किंवा अगदी हलका. ब जीवनसत्त्वाची गोळी घेतली असेल किंवा बीट खाल्लं असेल, तर रंगावर भरवसा ठेवू नका.

पाणी जास्तही होऊ शकतं, हे थोडक्यात. सरावानंतर वजन वाढलं, बोटं फुगली, अंगठी रुतली, डोकं दुखतंय आणि उलटी होतेय, तर ते पाणी कमी पडल्याचं लक्षण नाही. साधं पाणी फार झालं आणि रक्तातलं सोडियम पातळ झालं. अशा वेळी आणखी पाणी पाजणं घातक ठरतं. म्हणून ‘जेवढं पिशील तेवढं चांगलं’ असं कधी सांगू नका. उलटी पाहून अंदाज बांधू नका, काटा पाहा: वजन घटलंय की वाढलंय. वाढलेलं असेल आणि मूल गोंधळल्यासारखं बोलत असेल, तर सरळ दवाखान्यात.

आता तुमच्या मुलाकडे वळते, कारण त्याची काळजी मुलीपेक्षा जास्त वाटते. दोन दिवस पाणी तोडून जे वजन उतरतं त्यात चरबी जवळजवळ नसते. ते रक्तातलं आणि स्नायूंतलं पाणी असतं. रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही आणि मूत्रपिंडांना मार बसतो. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत अवघ्या महिन्याभरात महाविद्यालयांचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथल्या स्पर्धांचे नियमच बदलले आणि रबरी सूट, वाफेच्या खोल्या बंद झाल्या. तो कदाचित म्हणेल, मोठे मल्लही हेच करतात. पॅरिस २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली, ते त्यानं पाहिलंच असेल. त्याच दिवशी तिला रुग्णालयात सलाइन लावावं लागलं, तेही त्याला सांगा. तिच्यासारख्या खेळाडूच्या मागे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांचा अख्खा ताफा असतो. १६ वर्षांच्या मुलाच्या मागे फक्त तुम्ही आहात.

वजन झाल्यावर लिटरभर कोल्ड्रिंक म्हणजे साधारण १०० ग्रॅम साखर, मीठ जवळपास शून्य आणि पोटात गॅस. ते आतड्यात रेंगाळतं आणि तासाभरात तो मातीवर किंवा मॅटवर उतरतो. गोळे येतात ते मुख्यतः थकलेल्या स्नायूंमुळे, आणि कोरड्या, मिठाविना राहिलेल्या अंगात ते जास्त येतात. गोळा आला की खाली बसवा, गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं हळूहळू नडगीकडे ओढा, २०-३० सेकंद धरा, सोडा, पुन्हा करा. जोरजोरात चोळू नका.

या खेपेला स्पर्धा तोंडावर असेल आणि त्यानं आधीच पाणी तोडलेलं असेल, तर वजन झाल्यावर खरं ओआरएस द्या, लिटरला एक पाकीट या मापानं, दर १५-२० मिनिटांनी २०० मिली. बरोबर मऊ खिचडी किंवा वरण-भात, केळं. वजन आणि लढतीत तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर तो पूर्ण भरून येणार नाही, हे त्याला आणि वस्तादांना आधीच सांगा. पुढच्या स्पर्धेसाठी गट आत्ताच ठरवा. पोटभर खाऊन-पिऊन, सकाळी उठल्यावर जे वजन भरतं, तो त्याचा गट. वाढत्या वयात वरच्या गटात जाणं यात कमीपणा नाही. वजन उतरवायचंच ठरलं, तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त नाही, आणि तेही तळलेलं-गोड कमी करून. पाणी एक घोटही न तोडता. तालमीत कोणी पाणी कमी करायची गोळी देऊ केली तर स्पष्ट नाही म्हणायचं. ती औषधं उत्तेजक चाचणीतही बंदी असलेली आहेत. कॅफिनच्या एनर्जी ड्रिंकवर ‘मुलांसाठी नाही’ असं डब्यावरच लिहिलेलं असतं. तेही घरात आणू नका, मुलीसाठीही नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला आणि सरांनाही पाठ असायला हवी. उन्हात खेळताना मूल अडखळायला लागलं, भलतंच बोललं, चिडलं, ओळखेनासं झालं किंवा कोसळलं, तर तो उष्माघात समजायचा. अंगाला घाम असला तरीही. तेव्हा काही पाजू नका, शुद्ध हरपत असेल तर घोट श्वासनलिकेत जाईल. सावलीत न्या, बूट-मोजे, जादा कपडे काढा. टाकी, पिंप किंवा मोठं घमेलं असेल तर डोकं धरून ठेवून अंग गार पाण्यात बुडवा. नसेल तर बादल्यांनी सतत ओता, ओल्या पंचांनी गुंडाळा, पंचे मिनिटामिनिटाला बदला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा, वारा घाला. एकानं १०८ ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी गाडी येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती लवकर थंड झालं यावर सगळं अवलंबून असतं. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचं थांबत नाही. लासलगावचा चांगला कांदा दह्या-मिठात कोशिंबीर करून दुपारच्या ताटात वाढा. सरांच्या किटमध्ये दोन पंचे आणि बर्फाचा डबा असावा, एवढा आग्रह पालकांनी नक्की धरावा.

शेवटी तपासण्या. हे सगळं दोन आठवडे नीट करूनही चक्कर, धाप, डोकेदुखी राहिली, तर हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन चाचणी करा. पाळी सुरू झालेल्या, लांब पळणाऱ्या मुलींत लोह कमी होणं फार सामान्य आहे आणि ते कुठल्याही पाण्यानं भरून येत नाही. कुटुंबात कोणाला सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल, किंवा तुमचं मूळ गाव पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातलं असेल, तर दोन्ही मुलांची ती चाचणीही करून घ्या. २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ती सरकारी आरोग्य केंद्रांत होते. सिकलसेलचा वाहक असणारं मूल खेळू शकतं, फक्त त्याला पाणी, विश्रांती आणि उन्हाला हळूहळू रुळणं यात कधीच सूट नसते, आणि सरांना ते माहीत असावं लागतं. आणि पळून झाल्यावर नव्हे, पळता पळताच ती कधी बेशुद्ध पडली, तर पाण्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी हृदयाची तपासणी करा.

उद्या सकाळी सुरुवात वजनानं करा. एका जुन्या वहीत पाच रकाने आखा: तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, प्यायलेलं पाणी, चार वाजताचा रंग. १४ दिवसांनी ती वही सरांना दाखवा आणि संध्याकाळचा सराव पूर्ण करायचा की नाही, ते त्यावरून ठरवा.